पायरी नसलेली गाडी

बुलढाणा जिल्ह्यात ट्रॅम कधी धावली नाही. पुढे कधी धावेल असं म्हणणाऱ्याला आपल्याकडची मंडळी आधी पाणी पाजतील आणि मग डॉक्टरांकडे नेतील. खुद्द बुलढाणा गावात साधी रेल्वेसुद्धा नाही. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव अशी मुंबई-नागपूर लाईन जाते, जलंबहून खामगावला एक फाटा जातो, आणि खामगाव-जालना रेल्वेची मागणी आमच्या पणजोबांच्या पिढीपासून चालू आहे. असं असताना ट्रॅमच्या फरशीच्या उंचीवर लिहायला मी का बसलो, असं तुम्ही विचाराल. नातेवाईक मंडळी तर नक्कीच विचारतील.

कारण सांगतो. २६ ऑगस्ट २०२२ पासून महाराष्ट्रात पंच्याहत्तरी ओलांडलेल्या माणसाला एसटीचा प्रवास फुकट झाला. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं. दोन्ही निर्णय चांगले, मोठे आणि लोकांना खरोखर उपयोगी पडलेले. त्यामुळे झालं असं की ज्यांचे गुडघे सगळ्यात जास्त दुखतात तीच माणसं गाडीच्या दाराशी सगळ्यात जास्त दिसू लागली. आता तिकिटाची अडचण उरली नाही, तर मधे काय उरलं? जमीन आणि पहिली पायरी यांच्यामधलं अंतर. ते अंतर कुठून आलं, आणि जगात कोणी ते काढून टाकलं का, याचा शोध घेत गेलो तर गाडी थेट ट्रॅमपाशी जाऊन थांबली. पायरी काढून टाकण्याच्या कामात सगळ्यात जास्त डोकं ट्रॅमवाल्यांनी लावलेलं आहे.

आधी पायरी का असते ते पाहू. बैलबंडीपासून सुरुवात केली तर लवकर कळतं. आपल्या काळ्या जमिनीत, पावसाळ्याच्या चिखलात, लहान चाक रुतून बसतं. मोठं चाक खड्डा ओलांडून जातं, म्हणून बंडीचं चाक माणसाच्या छातीएवढं. दोन चाकांना जोडणारा आस चाकाच्या मध्यातून जातो आणि बंडीची पाटली त्या आसाच्या वर बसते. म्हणजे चाक जितकं मोठं, तितकी बसायची जागा उंच. बंडीला पायरी नसते, कारण चढणारा माणूस चाकाच्या आऱ्यावर पाय देऊन उडी मारतो, आणि आजीला चौघं मिळून वर घेतात. पुढे सगळ्या वाहनांनी हाच नियम पाळला. आस खाली, फरशी वर. विजेच्या ट्रॅमला तर आणखी एक भानगड होती, आसाजवळ मोटर टांगायची. चाक, आस, मोटर, दात्यांची पेटी आणि त्यावर फरशी, असा सगळा थर धरला तर फरशी रुळापासून पाऊण ते एक मीटरवर जाते. तेवढं चढायला दोन-तीन पायऱ्या लागतात, आणि त्याही दारातून आत जागा खाऊ नयेत म्हणून उभ्या.

मुंबईची ट्रॅम आधी घोड्यांची होती. ९ मे १८७४ ला ती सुरू झाली, परळ ते कुलाबा आणि पायधुणी ते बोरीबंदर. कंपनीकडे नऊशेच्या आसपास घोडे होते म्हणतात. घोड्याच्या ट्रॅमला मोटर नाही, म्हणून डबा त्यामानाने जमिनीजवळ ठेवता येई. ७ मे १९०७ ला विजेची ट्रॅम आली, १९२० मध्ये दुमजली ट्रॅम आली, आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्रॅम गेली. आठवणींच्या लेखांत ट्रॅम नेहमी गोड असते. स्वस्त, सावकाश, चालत्या गाडीत चढायची सोय असलेली. पण "चालत्या गाडीत चढायची सोय" हे वाक्य लिहिणारा नेहमी वीस वर्षांचा पुरुष असतो हे लक्षात घ्या. कडेवर मूल असलेली बाई, काठी टेकत येणारे आजोबा यांनी त्या ट्रॅमच्या आठवणी फारशा लिहिलेल्या नाहीत. असो.

पायरी काढायचा पहिला मोठा प्रयत्न माझ्या माहितीप्रमाणे न्यूयॉर्कमधला, आणि त्याची कथा गमतीची आहे. १९१२ साली तिथल्या ब्रॉडवेवर हेडली आणि डॉईल या दोन अधिकाऱ्यांनी बिनपायरीची ट्रॅम आणली. दार पुढे-मागे ठेवण्याऐवजी डब्याच्या बरोबर मध्यावर, जिथे खाली चाकं नसतात तिथे. त्यामुळे दाराजवळची फरशी रुळापासून साधारण दहा इंचांवर आणता आली. आत शिरलं की फरशी हळूहळू चाकांच्या वर चढत जायची. त्या काळात अमेरिकेत बायकांच्या झग्यांची एक फॅशन आली होती, घोट्याशी इतका आवळलेला घेर की मोठं पाऊल टाकताच येऊ नये. अशा झग्यात दोन फूट उंच पायरी कशी चढणार? लोकांनी त्या गाडीला त्या झग्याचंच नाव देऊन टाकलं. (आपल्या नऊवारीचा काष्टा या बाबतीत किती पुढारलेला होता बघा. आमच्या आज्या त्याच लुगड्यात बंडीवर उडी मारून बसत.)

पण कंपनीला फॅशनची काळजी नव्हती. पायरीवरून पडणाऱ्या माणसांची नुकसानभरपाई आणि थांब्यावर वाया जाणारा वेळ यांची काळजी होती. पायरी काढली की म्हातारा आणि तरुण दोघंही लवकर चढतात, गाडी लवकर सुटते, आणि तेवढ्याच गाड्यांत जास्त फेऱ्या होतात. हा हिशेब १९१२ मध्येही कळत होता. तरीसुद्धा पुढची सत्तर वर्षं जगभरच्या बहुतेक ट्रॅम पायऱ्यांच्याच राहिल्या. मग मोटारी आल्या आणि अमेरिका, इंग्लंड, फ्रान्स इथल्या बहुतेक गावांनी ट्रॅमच उखडून टाकली. मुंबईनेही त्याच लाटेत टाकली. पायरीचा प्रश्न असा आपोआप सुटला. गाडीच नाही तर पायरी कसली!

फ्रान्समध्ये १९७० च्या दशकात पेट्रोल महागलं, गावं मोटारींनी तुंबली, आणि ट्रॅम परत आणायचा विचार सुरू झाला. पहिली आली नांतमध्ये, १९८५ साली. नवी कोरी, चकचकीत, आणि पायऱ्यांची. दुसरी यायची होती ग्रेनोबलमध्ये. आल्प्सच्या पायथ्याचं हे गाव, तिथे १९८३ मध्ये ट्रॅम हवी का नको यावर लोकांचं मत घेतलं गेलं आणि थोड्या फरकाने "हवी" जिंकलं. आता नांतचीच गाडी मागवली की काम झालं असतं. पण ग्रेनोबलमधल्या अपंगांच्या संघटना मधे उभ्या राहिल्या. आमच्या पैशांतून येणारी गाडी आम्हाला वापरता आली पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. नुसतं चाकाच्या खुर्चीसाठी बाजूला एक यंत्र लावून चालणार नाही, सगळ्यांनी एकाच दारातून चढायचं.

मला या गोष्टीतला हा भाग सगळ्यात मोठा वाटतो. अभियंत्यांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, आस आहे, मोटर आहे, होत नाही. आणि ते खोटं बोलत नव्हते. पण मागणी हटेना, तेव्हा त्यांनी आराखडा परत काढला. मोटरीची चाकं गाडीच्या दोन टोकांना नेली, तिथे फरशी उंचच राहू दिली. मधल्या मोठ्या भागाखाली जी बिनमोटरीची चाकं होती, त्यांचा आस सरळ न ठेवता खाली वाकवला, पाळण्याच्या दोऱ्या मधे झोळ घेतात तसा. त्या झोळावरून फरशी गेली. १९८७ मध्ये ग्रेनोबलची ट्रॅम सुरू झाली तेव्हा गाडीचा बहुतांश भाग रुळापासून ३४५ मिलीमीटरवर होता, म्हणजे साधारण एक फूट दीड इंच. थांब्याचा ओटा जरा उंच बांधला, दारातून एक फळी सरकून बाहेर यायची, आणि चाकाची खुर्ची कोणाच्याही मदतीशिवाय आत.

आणि नांत? १९९० च्या दशकात त्यांनी आपल्या त्या पायऱ्यांच्या गाड्या मधोमध कापून त्यांत खाली फरशीचा एक नवा तुकडा जोडला. सदऱ्याला मागून ठिगळ लावावं तसं. आधीच विचारलं असतं तर शिलाई वाचली असती.

न्याय म्हणून सांगायला हवं की ग्रेनोबलच्या आधी जिनिव्हाने १९८४ मध्ये खाली फरशीची एक गाडी करून पाहिली होती. त्यांनी मधल्या भागाला अगदी लहान चाकं लावली आणि फरशी ४८० मिलीमीटरवर आणली. लहान चाक हा सोपा उपाय, पण लहान चाक लवकर झिजतं आणि रुळांच्या सांध्यांवर जास्त आदळतं. बंडीच्या चाकाचंच शास्त्र.

आता पुढची पायरी (कोटी माफ करा) अशी की गाडीचा थोडा भाग नव्हे, संपूर्ण गाडी खाली आणायची, पहिल्या दारापासून शेवटच्यापर्यंत. जर्मनीतल्या ब्रेमेनने १९९० मध्ये तशी पहिली गाडी रुळावर आणली. यासाठी आस वाकवून भागत नाही, काढूनच टाकावा लागतो. डावं चाक वेगळं, उजवं वेगळं, आणि मधून माणसं चालत जातात. यंत्रं, गार हवेची पेटी, सगळं छपरावर. व्हिएन्नाच्या गाडीने तर हद्द केली. तिची चाकं दोन डब्यांच्या जोडांत उभ्या चौकटीत लपवली आहेत आणि दाराची उंची फक्त १९७ मिलीमीटर. आठ इंच! आपल्या घराच्या उंबऱ्यावरून येताना आपण एवढा पाय उचलतोच. १९९० च्या दशकाच्या शेवटी ती गाडी प्रवाशांना घेऊन फिरू लागली.

आस काढल्यावर मात्र एक जुनं दुखणं वर आलं, आणि ते समजून घ्यायला घरी एक प्रयोग करता येतो. चहाचे दोन कागदी पेले घ्या, तोंडाला तोंड लावून चिकटपट्टीने जोडा. दोन लांब पट्ट्या समांतर ठेवून त्यांचा थोडा उतार करा आणि ती जोडी वरून सोडा. ती डुलत डुलत पण मधोमध राहून खाली येईल. एका बाजूला सरकली की त्या बाजूला पेल्याचा जाड भाग पट्टीवर येतो, तो एका फेऱ्यात जास्त अंतर कापतो, आणि जोडी आपोआप परत मधे वळते. रेल्वेचं चाक तसंच किंचित उतरतं घडवलेलं असतं. दोन चाकं एका आसाला घट्ट जोडलेली असतात म्हणूनच आगगाडी सरळ रुळावर बिनबोभाट मधोमध चालते. कडेचा कंगोरा फक्त अडीअडचणीला. आता पेल्यांची जोडी मधून कापून दोन्ही पेले वेगवेगळे फिरू द्या. वळवणारी ती आपोआपची युक्ती गेली. चाक एका बाजूच्या रुळाला घासत राहतं, कंगोरा झिजतो, वळणावर कर्कश आवाज येतो. खाली फरशीच्या ट्रॅमच्या इतिहासात पुढची वीस वर्षं हे घासणं कसं कमी करायचं याच कामात गेली.

आणखी एक गोष्ट बिघडली. संपूर्ण खाली फरशी हवी तर चाकांचा संच आगगाडीसारखा डब्याखाली मोकळा फिरू शकत नाही, कारण फिरायला जागा लागते आणि ती जागा फरशीने घेतलेली असते. म्हणून चाकं असलेले आखूड डबे आणि त्यांच्यामधे टांगलेले, चाक नसलेले लांब डबे अशी रचना आली. सिमेन्सची कोम्बिनो ही गाडी याच धर्तीची. जर्मनी, स्वित्झर्लंड, हॉलंड, ऑस्ट्रेलिया अशी जगभर विकली गेली. २००४ मध्ये कंपनीने स्वतःच सांगितलं की वळणांवर डब्यांच्या सांगाड्याला हिशेबापेक्षा जास्त पीळ बसतो आहे आणि सांध्यांना तडे जाऊ शकतात. जास्त धावलेल्या गाड्या रस्त्यावरून काढाव्या लागल्या, पुढे सगळ्यांची दुरुस्ती करावी लागली. त्या वेळी "बघा, जुनी पायऱ्यांची ट्रॅमच बरी होती" म्हणणारे पुष्कळ निघाले. मला ते पटत नाही. पूल पडला म्हणून नदी परत पोहून ओलांडायची का? प्रागसाठी श्कोडाने २००९ च्या सुमारास केलेल्या गाडीत फरशी संपूर्ण खाली आहे आणि चाकांचे संच मोकळे फिरतातही. ते डब्यांच्या जोडांखाली ठेवले आणि प्रत्येक चाकाला स्वतःची मोटर दिली. म्हणजे जमतं. वेळ लागतो आणि पैसे लागतात.

इथे आमच्या चिखलीच्या मावशीला आणायला हवं. तिची लेक मेलबर्नला असते. पहिल्यांदा तिकडे जाऊन आल्यावर मावशीने सगळ्या वाड्याला जमवून जे सांगितलं त्यात समुद्र नव्हता, उंच इमारती नव्हत्या. "गाडी जमिनीलेच टेकेल व्हती बाप्पा, पाय उचलाचं कामच नाई!" हे तिने इतक्यांदा सांगितलं की लेकीला फोनवर विचारून खात्री करावी लागली. गाडी ट्रॅमच होती आणि टेकलेली नव्हती. थांब्याचा ओटा आणि गाडीची फरशी एका पातळीत होती एवढंच.

पण मावशी नशीबवान, तिला योग्य थांबा मिळाला. मेलबर्नचं ट्रॅमचं जाळं अडीचशे किलोमीटरचं, जगातलं सगळ्यात मोठं. २००१ पासून तिथे खाली फरशीच्या गाड्या येऊ लागल्या. पण बरेच थांबे म्हणजे रस्त्याच्या कडेला नुसता खांब. खाली फरशीची गाडी रस्त्याच्या मधोमध उभी राहते आणि डांबरापासून तिची फरशी फूटभर उंचच असते. फुटभर चढणं चाकाच्या खुर्चीला दहा फुटांइतकंच अशक्य. तिथल्या महालेखापरीक्षकांनी २०२० मध्ये अहवाल दिला की २०१८-१९ मध्ये फक्त १५ टक्के फेऱ्यांत खाली फरशीची गाडी आणि समपातळीचा ओटा हे दोन्ही एकत्र आले. कायद्याने थांबे सुधारायची मुदत २०२२ च्या अखेरची होती. ती हुकली. श्रीमंत देश, जुनी ट्रॅम, स्पष्ट कायदा, आणि तरी ही गत. गाडी आणि ओटा हे नवरा-बायकोसारखे, एकाचं लग्न होत नसतं.

आता आपल्याकडे येऊ. आपल्याकडे वस्तूंना समपातळीचा प्रवास फार पूर्वीच मिळाला, माणसांना नाही. खामगावचा रेल्वेफाटा १८७० मध्ये सुरू झाला, उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते, आणि सगळा खटाटोप होता वऱ्हाडच्या कापसासाठी. मालगाडीसाठी स्टेशनांवर जो मालधक्का बांधतात, तो वाघिणीच्या फरशीच्या उंचीचा असतो. गाठ उचलावी लागू नये, ढकलत आत जावी म्हणून. प्रवाशांसाठी मात्र लहान स्टेशनांवर कित्येक वर्षं रुळाच्या पातळीचाच फलाट असे. रेल्वेच्या उंच फलाटाची उंची आजही रुळापासून ७६० ते ८४० मिलीमीटर, आणि डब्याची फरशी सव्वा मीटरच्या पुढे. शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनाला येणारी म्हातारी माणसं डब्यातून उतरताना दांडी धरून पाठमोरी उतरतात ती याचमुळे. कापसाच्या गाठीची सोय आधी का झाली? कारण गाठ स्वतः चढत नाही. ती उचलायला हमाल लागतात आणि हमालांचे पैसे मालकाला द्यावे लागतात. आजोबांना उचलायला मुलगा येतो, तो फुकट असतो.

कायदे मात्र झाले. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात बस, रेल्वे वगैरे वाहनं सोयीची करा असं होतं, पण सोबत "आर्थिक कुवतीच्या मर्यादेत" हे शब्दही होते. २०१६ चा कायदा जास्त नेमका आहे. बसच्या बाबतीत खरी हालचाल झाली २००८ मध्ये, केंद्र सरकारने शहरी बसची मानकं ठरवली तेव्हा. खाली फरशीची बस ४०० मिलीमीटर, अर्धी खाली फरशीची ६५०. २००९ पासून जवाहरलाल नेहरू नागरी पुनर्निर्माण योजनेतून अशा बसगाड्यांना पैसे मिळू लागले. ही योजना सुरुवातीला आपल्या राज्यातल्या पाच शहरांसाठी होती, मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक आणि नांदेड. विदर्भातलं एक नागपूर. बुलढाणा, खामगाव कुठेच नाहीत, कारण कागदोपत्री पायरी ही शहरी अडचण ठरली होती. गुडघ्यांना शहर आणि तालुका कळत असता तर किती बरं झालं असतं.

दिल्लीत परत उंच फरशीच्या बस घ्यायचं ठरलं, तेव्हा निपुण मल्होत्रा यांनी उच्च न्यायालयात आव्हान दिलं. ग्रेनोबलची आठवण येते. गाडीची मागणी नोंदवली जाण्याआधी कोणीतरी मधे उभं राहावं लागतं. पुण्याने दोन्ही तऱ्हा पाहिल्या. २००६ च्या डिसेंबरात कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बीआरटी सुरू झाली, ती लवकरच विस्कटली. २०१५ मध्ये संगमवाडी-विश्रांतवाडी मार्गावर थांब्याचा ओटा आणि बसची फरशी एका उंचीला आणण्याचा जास्त विचारपूर्वक प्रयत्न झाला. तिथे अडचण निराळी. चालकाने बस ओट्याला अगदी लगटून उभी केली पाहिजे, नाहीतर मधे फट राहते. ट्रॅमला ही चिंता नाही, रूळ तिला रोज त्याच जागी आणून उभी करतो. पायरी काढण्याच्या कामात ट्रॅम बसच्या पुढे का राहिली त्याचं हे एक साधं उत्तर.

आपली साधी एसटी ट्रकसारख्या सांगाड्यावर बांधलेली असते. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या एसटीच्या कार्यशाळांनी वर्षानुवर्षं अशाच सांगाड्यांवर गाड्या बांधल्या. इंजिन पुढे, तिथून लांब दांडा मागच्या आसाकडे, वर दोन जाड पट्ट्या, त्यावर फरशी. एक मीटरच्या खाली ती येणं कठीण. खाली फरशीच्या बसला इंजिन मागे लागतं, ट्रॅमसारखाच खाली वाकवलेला आस लागतो, आणि हवेच्या फुग्यांवर बसवलेली गाडी लागते, जी थांब्यावर हवा सोडून उंटासारखी एका अंगाला बसते. ही बस राजूर घाटात आणि आपल्या गावोगावच्या स्वघोषित गतिरोधकांवर पोट घासत जाईल हेही खरं. विजेच्या बसमुळे थोडी आशा आहे. बॅटऱ्या छपरावर जाऊ शकतात, लांब दांडा लागत नाही. पण १ जून २०२२ ला पुणे-अहमदनगर मार्गावर सुरू झालेली शिवाई विजेची असूनही उंचच आहे, कारण लांबच्या प्रवासाला सामानाची जागा पोटात हवी असते. म्हणजे यंत्र बदललं तरी फरशी आपोआप उतरत नाही. कोणीतरी मागावं लागतं.

तोवर ओट्याचं बघता येईल का? आपल्या बहुतेक बसस्थानकांत फलाट आहेत. पण गाडी फलाटाला तोंड लावून उभी राहते आणि दार असतं डाव्या अंगाला. त्यामुळे प्रवासी फलाटावरून आधी खाली उतरतो, दोन गाड्यांच्या फटीतून जातो, आणि मग जमिनीवरून चढतो. फलाट बांधण्याचा खर्च झालेला आहे, उपयोग फक्त बाकड्यांना. असं का, तर जागा. बारा मीटरची गाडी आडवी लावली तर एका गाडीला बारा मीटर फलाट जातो, तोंड लावून उभी केली तर चार मीटरमध्ये भागतं.

सगळे फलाट आडवे करा असं मी म्हणत नाही. स्थानकात जाण्याच्या वाटेवर एक ओटा पुरेल, जिथे गाडी फलाटावर लागण्याआधी दोन मिनिटं आडवी थांबेल आणि म्हातारी माणसं आधी चढतील. उंची फरशीएवढी नको, कारण पायऱ्या दाराच्या आत आहेत आणि दार बाहेर उघडतं. पहिल्या पायरीच्या जरा खाली, समजा ३५ सेंटिमीटर. सगळ्यात वाईट पाऊल तेवढंच असतं, जमिनीवरून पहिल्या पायरीचं. आत गेल्यावर दोन्हीकडे दांडी हाताशी येते. उताराचं नेहमीचं प्रमाण एकास बारा धरलं तर ओट्यावर यायला सव्वाचार मीटर लांबीचा उतार लागेल. वीटकाम, थोडं सिमेंट, एका बाजूला लोखंडी कठडा.